वेगळ्या ताऱ्याचा शोध

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी घरातील गृहिणी सारे पातेले उपसून पाहत नाही. ती एक शीत काढते, दोन बोटांत चेपते आणि त्यावरून साऱ्या भाताची परीक्षा करते. ही रीत इतकी जुनी व खात्रीची आहे, की तिची म्हण होऊन बसली आहे. आकाशातील ताऱ्यांची परीक्षा करणाऱ्या ज्योतिर्विदाला मात्र एवढीही सोय नाही. तारे इतके दूर आहेत, की त्यांच्यातील एक शीतही कोणाला काढून आणता येत नाही. ताऱ्याकडून मनुष्यापर्यंत येऊन पोहोचतो तो त्याचा प्रकाश. त्या प्रकाशालाच शीत मानून तारा कोणत्या द्रव्यांचा बनला आहे हे ओळखावयाचे, ही विद्या गेल्या सुमारे दोनशे वर्षांत उदयास आली. तिच्या बळावर आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेत एका विलक्षण ताऱ्याचा शोध कसा घेतला गेला, त्याची ही हकीकत आहे.

सूर्याचा किरण काचेच्या लोलकातून गेला म्हणजे त्याचे सात रंग वेगळे होऊन रंगीत पट्टा दिसतो. ह्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर नावाचा दुर्बिणीच्या काचा घडविणारा एक कुशल कारागीर होता. १८१४ साली सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहत असता त्याला त्यात शेकडो काळ्या रेषा आढळल्या. त्या रेषा का पडतात हे त्याला उलगडले नाही. परंतु त्याने त्या मोजल्या आणि त्यांच्या जागा नोंदून ठेवल्या. पुढे १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथील गुस्टाव्ह किर्खहोफ व रॉबर्ट बुन्सेन ह्या दोन शास्त्रज्ञांनी ते कोडे सोडविले. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातील ठरावीकच रंग शोषून घेते व तेवढ्याच जागी काळ्या रेषा उमटतात. सोडियमच्या रेषा निराळ्या, लोहाच्या निराळ्या. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे एका मूलद्रव्याच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. ह्याच रीतीने बुन्सेन व किर्खहोफ ह्यांनी १८६१ साली रुबिडियम हे तोपर्यंत कोणासही ठाऊक नसलेले मूलद्रव्य शोधून काढले. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

एखाद्या मूलद्रव्याची रेषा ठळक दिसली म्हणजे ते द्रव्य ताऱ्यात विपुल असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. पण दिसते तसे नसते. १९२० साली मेघनाद साहा ह्या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की रेषेचा ठळकपणा द्रव्याच्या प्रमाणावर जसा अवलंबून असतो, तसाच तो ताऱ्याच्या तापमानावर व दाबावरही अवलंबून असतो. एकच मूलद्रव्य एका ताऱ्यात ठळक रेषा उमटवील, तर दुसऱ्या अधिक तप्त ताऱ्यात जवळजवळ अदृश्य होईल. साहांच्या ह्या सिद्धान्ताचा उपयोग करून सिसिलिया पेन ह्या विदुषीने १९२५ साली तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम ह्यांचेच बनलेले आहेत, असे दाखविले. लोह, कॅल्शियम इत्यादी जड द्रव्ये त्यांत अगदी अल्प, आमटीतील मिठाइतकी असतात.

बहुतेक ताऱ्यांत हे मीठ साधारण ठरावीक प्रमाणात पडलेले असते. परंतु काही ताऱ्यांची चवच निराळी! अमेरिकेतील पॉल मेरिल ह्या ज्योतिर्विदाला १९५२ साली काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम ह्या मूलद्रव्याच्या रेषा सापडल्या. हे मूलद्रव्य टिकाऊ नाही. ताऱ्याच्या दीर्घ आयुष्याच्या मानाने थोड्याच काळात त्याचे विघटन होऊन ते नाहीसे होते. पृथ्वीवर तर ते १९३७ साली प्रथम कृत्रिम रीतीने मिळवावे लागले. असे द्रव्य ताऱ्यात दिसते, ह्याचा अर्थ ते तेथे नुकतेच तयार झाले असले पाहिजे. तारे म्हणजे मूलद्रव्ये घडविणाऱ्या भट्ट्याच होत, ह्याचा हा मोठा पुरावा ठरला. तेव्हापासून वेगळ्या रसायनाचा तारा दिसला, की त्याच्या पोटात काहीतरी वेगळे घडत आहे अशी शंका ज्योतिर्विदांना येऊ लागली.

ही झाली पूर्वपीठिका. आता मुख्य गोष्टीकडे वळू.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत किप थॉर्न आणि मूळच्या पोलंडमधील आन्ना झित्कोव हे दोघे संशोधन करीत होते. १९७५ साली व नंतर १९७७ साली अधिक विस्ताराने त्यांनी एक अद्भुत कल्पना गणिताच्या आधारे मांडली. एका ताऱ्याच्या पोटात दुसरा तारा असू शकेल काय? त्यांचे उत्तर होते, असू शकेल.

आकाशात पुष्कळ तारे जोडीने राहतात व एकमेकांभोवती फिरतात. अशा जोडीतील मोठा तारा आधी म्हातारा होतो आणि प्रचंड स्फोट होऊन फुटतो. मागे उरतो तो त्याचा गाभा. हा गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा. त्याचा व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या शहराएवढा. पण त्यात सूर्याहून अधिक द्रव्य ठासून भरलेले असते. त्याच्यातील साखरेच्या खड्याएवढा तुकडा कोट्यवधी टन वजनाचा भरेल. पुढे जोडीतील दुसरा ताराही वृद्ध होऊन फुगू लागतो. आपल्या आकाशातील आर्द्रा किंवा ज्येष्ठा हा तारा तांबूस दिसतो, तो असाच फुगलेला महाराक्षसी तारा होय. असा तारा सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर पृथ्वीची कक्षादेखील त्याच्या पोटात जाईल. ह्या फुगवट्यात शेजारचा चिमुकला न्यूट्रॉन तारा सापडला, तर तो गिळला जाईल आणि हळूहळू खाली बुडत जाऊन मोठ्या ताऱ्याच्या मध्यभागी जाऊन बसेल. थॉर्न व झित्कोव ह्यांच्या नावांवरून अशा ताऱ्याला थॉर्न-झित्कोव तारा म्हणतात.

अडचण अशी, की असा तारा बाहेरून इतर तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांसारखाच दिसणार. रंग तोच, आकार तोच. मग पोटातला पाहुणा ओळखावा कसा? आपल्याकडे म्हणतात, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. येथेही तसेच आहे. चुलीवर वरण उकळत असता तळाचे दाणे वर येतात व वरचे खाली जातात. त्याप्रमाणे अशा ताऱ्यात तळापासून पृष्ठभागापर्यंत वायूंचे अभिसरण अखंड चालू असते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंगाशी भयंकर उष्णता असते. तेथे नेहमीच्या ताऱ्यांत सहसा न घडणाऱ्या क्रिया घडून रुबिडियम, मॉलिब्डेनम यांसारखी जड मूलद्रव्ये तयार होतील, त्याबरोबर लिथियमही तयार होईल आणि अभिसरणामुळे ही सारी द्रव्ये पृष्ठभागावर येतील, असे पुढील काळात इतर शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले. लिथियम हे फार हलके मूलद्रव्य असून ते ताऱ्याच्या उष्णतेत सहज जळून जाते. म्हणून म्हाताऱ्या ताऱ्यात ते विपुल आढळणे ही स्वतःच एक नवलाची गोष्ट होय. लिथियम, रुबिडियम व मॉलिब्डेनम ह्या तिन्ही खुणा एकाच ताऱ्यात मिळाल्या, म्हणजे शोध लागला असे मानता येणार होते.

आपल्या आकाशगंगेतील काही तांबडे तारे ह्या दृष्टीने तपासून झाले. वर्षे लोटली, पण खात्रीची खूण कोठेही मिळाली नाही.

शोधासाठी दुसरी एक जागा फार सोयीची होती. दक्षिण गोलार्धातील आकाशात रात्री पांढुरक्या ढगांसारखे दोन पुंजके दिसतात. दक्षिणेकडील लोकांना ते फार पूर्वीपासून परिचित होते. १५१९ साली पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या मॅगेलनच्या नावावरून त्यांस मॅगेलनचे मेघ असे म्हणतात. ते ढग नव्हेत. त्या आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका आहेत. थोरला मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे, तर धाकटा मेघ सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. धाकट्या मेघातून आज जो प्रकाश पृथ्वीवर पोहोचतो, तो तेथून निघाला त्या वेळी मनुष्याला शेतीही ठाऊक नव्हती! महाराष्ट्रातून पाहू गेल्यास धाकटा मेघ क्षितिजाच्या वर येतो न येतो, आणि तेथल्या धुरकट हवेत हरवून जातो. त्याचा अभ्यास करावयाचा तर दक्षिणेकडेच जावे लागते.

धाकट्या मेघाचे महत्त्व प्रथम ओळखले ते हेन्रिएटा लेव्हिट ह्या विदुषीने. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत बसून ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आकाशाची छायाचित्रे तपासीत असे. ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांची नोंद करणे हे तिचे काम. तिला दोन्ही मेघांत मिळून १७७७ रूपविकारी तारे आढळले व त्यांची यादी १९०८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या ध्यानात आले, की एका मेघातील सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा त्यांतील जो अधिक तेजस्वी दिसतो, तो खरोखरच अधिक तेजस्वी असला पाहिजे. आपल्या आकाशगंगेत असे म्हणता येत नाही. तेथे जवळची पणती दूरच्या मशालीहून मोठी दिसते. धाकट्या मेघाचा आणखी एक गुण असा, की त्यातील ताऱ्यांत जड मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने सुमारे एक-पंचमांशच आहेत. स्वच्छ धोतरावरील डाग चटकन नजरेत भरतो. तद्वत अशा ठिकाणी जड द्रव्यांचा अधिकपणा लपून राहणे कठीण.

चिली देशातील अटाकामाच्या वाळवंटात लास कांपानास नावाची वेधशाळा आहे. तेथे वर्षानुवर्षे पाऊस जवळजवळ पडत नाही आणि रात्री आकाश आरशासारखे निर्मळ असते. तेथील एका दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा आहे. एमिली लेव्हेक, फिलिप मॅसी व निदिया मोरेल ह्यांनी ही दुर्बीण मेघांतील तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांवर रोखली. आन्ना झित्कोवही ह्या कामात त्यांच्याबरोबर होत्या. तरुणपणी कागदावर मांडलेल्या कल्पनेचा पडताळा पाहण्यासाठी त्या पुन्हा पुढे आल्या होत्या.

एकामागून एक ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत घ्यावयाचा, त्याचा वर्णपट उलगडावयाचा आणि त्यातील रेषा मोजावयाच्या, असे हे चिकाटीचे काम. धाकट्या मेघातील एका ताऱ्याचा वर्णपट समोर येताच मोरेल थबकल्या. हे काय आहे ते कळत नाही, पण आवडले खरे, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. त्या ताऱ्याचे नाव एच. व्ही. २११२, म्हणजे हार्वर्डच्या रूपविकारी ताऱ्यांच्या यादीतील २११२ क्रमांकाचा तारा. वर्णपटाची तपासणी झाली. लिथियमची रेषा ठळक, रुबिडियमची ठळक, मॉलिब्डेनमचीही ठळक! तिन्ही खुणा एकाच ठिकाणी! १९७७ नंतर ३७ वर्षांनी, २०१४ साली, ही वार्ता जगास कळविण्यात आली. तरीही आपल्या लेखात त्यांनी ह्या ताऱ्याला थॉर्न-झित्कोव तारा म्हटले नाही. तो तसा असण्याचा संभव आहे, एवढेच त्यांनी म्हटले. सर्व आकडे भाकिताशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही त्यांनी लपवून ठेवले नाही.

शास्त्रात कोणाचाही शब्द पडताळ्यावाचून मान्य होत नाही. ह्या ताऱ्याचीही कसून परीक्षा सुरू झाली. पहिली शंका अंतराविषयी होती. हा तारा खरोखर धाकट्या मेघातील आहे, की आपल्याच आकाशगंगेतील जवळचा एखादा तारा त्याच दिशेला दिसतो? तसे असेल तर तो महाराक्षसी नसून साधाच तारा ठरेल. २०१६ साली त्याची आकाशातील गती मोजून काही शास्त्रज्ञांनी तो जवळचाच असावा असे मत दिले. इतरांनी ते मान्य केले नाही. अखेर युरोपच्या गाया ह्या उपग्रहाने केलेली ताऱ्यांची अचूक मोजणी २०१८ साली हाती आली, आणि तारा धाकट्या मेघातीलच आहे असा निर्वाळा मिळाला. पहिल्या परीक्षेत तो उतरला.

दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. २०१८ सालीच एमा बीझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वर्णपट पुन्हा तपासला. हा तारा फार थंड असून त्याचे तेज सतत बदलते. अशा ताऱ्याच्या रेषा इतर प्रकारच्या ताऱ्यांच्या रेषांशी ताडून पाहिल्या, तर फसगत होण्याचा संभव असतो. मेघनाद साहांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेला इशारा तो हाच. बीझर ह्यांनी तो त्याच जातीच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला. तेव्हा लिथियमचे आधिक्य खरे ठरले; पण रुबिडियम व मॉलिब्डेनम ह्यांचे आधिक्य काही दिसेना. ताऱ्याचे तेजही पूर्वी मानले होते त्याहून कमी भरले. तो सूर्याच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचा, आयुष्याच्या अखेरीस आलेला तांबडा तारा असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा ताऱ्यांत काही काळ लिथियम तयार होत असते, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. त्याच लेखात एच. व्ही. ११४१७ ह्या दुसऱ्या ताऱ्याकडे त्यांनी बोट दाखविले. त्यात रुबिडियमचे आधिक्य दिसत होते. परंतु २०२० साली गायाच्या मोजणीवरून तो बहुधा धाकट्या मेघातील नसून आपल्याच आकाशगंगेतील असावा असे आढळले. एकाचे रसायन जुळले नाही, दुसऱ्याचे घर जुळले नाही! दोन्ही मेघांत एच. व्ही. २११२ सारखे आणखीही काही तारे सापडले. पण ज्याच्या पोटात न्यूट्रॉन तारा आहे असे निःशंकपणे म्हणता येईल, असा एकही तारा अद्याप मिळालेला नाही.

मग हा सारा खटाटोप व्यर्थच गेला काय? तसे म्हणता येणार नाही. ह्या शोधामुळे मेघांतील वृद्ध ताऱ्यांविषयी पुष्कळ नवे ज्ञान मिळाले, रेषा कोणाशी ताडाव्यात व कोणाशी ताडू नयेत हे कळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की ज्यांनी शोध लावला त्यांनी शंकेला जागा ठेवली, आणि ज्यांनी शंका घेतली त्यांनी मोजमाप करूनच ती मांडली. चार दशके जपलेली कल्पना खरी ठरावी असे कोणालाही वाटेल. पण ताऱ्याला मनुष्याच्या इच्छेची जाणीव नसते. जे आहे तेच तो आपल्या प्रकाशात लिहून पाठवितो. वाचणाऱ्याने ते नीट वाचावे, चुकले तर पुन्हा वाचावे, आणि आपल्याला हवे ते त्यात घुसडू नये, हाच ह्या विद्येचा पहिला धडा आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण ते शीत नीट चेपून पाहावे लागते. धाकट्या मेघात अजून लाखो तारे तपासावयाचे राहिले आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या पोटात तो चिमुकला पाहुणा कदाचित बसलाही असेल. त्याचा प्रकाश दोन लाख वर्षांपूर्वीच निघाला आहे.

स्वाध्याय

१. ताऱ्याचा प्रकाश तपासून तो कोणत्या मूलद्रव्यांचा बनला आहे हे कसे ओळखतात?
२. मेघनाद साहा ह्यांनी कोणती गोष्ट दाखवून दिली? पुढे ह्या शोधात तिचा उपयोग कसा झाला?
३. थॉर्न-झित्कोव तारा कसा तयार होत असावा, ते चार-पाच वाक्यांत सांगा.
४. कारणे लिहा : (अ) असा तारा नुसता पाहून ओळखता येत नाही. (आ) त्याच्या शोधासाठी मॅगेलनचा धाकटा मेघ सोयीचा ठरला.
५. एच. व्ही. २११२ ची कोणकोणती परीक्षा झाली? प्रत्येकीचा निकाल काय लागला?
६. ‘आपल्याला हवे ते त्यात घुसडू नये’ ह्या शब्दांचा अर्थ तुमच्या नित्याच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
७. पुढील म्हणींचा वाक्यांत उपयोग करा : शितावरून भाताची परीक्षा, दिसते तसे नसते, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.